वाया जाणाऱ्या उष्णतेची वाफ

गळीत हंगाम ऐन भरात असताना, जानेवारीच्या पहाटे, नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या स्प्रे पाँडपाशी उभं राहावं. प्रवरानगर असो, कोपरगाव असो, सोनई नाहीतर भेंडे, दृश्य तेच. शेकडो फवारे उडत असतात, पाणी हाताला कोमट लागतं आणि तळ्यावरचं धुकं शेजारच्या रस्त्यापर्यंत आलेलं असतं. हे धुकं म्हणजे कारखान्याने बगॅस, म्हणजे रस काढून उरलेली चिपाडं, जाळून मिळवलेली आणि वापरून झालेली उष्णता. ती हवेत सोडून देण्यासाठीच हे तळं बांधलेलं असतं. त्यासाठी मोठे पंप चालतात, पंपांना वीज लागते. म्हणजे एका टोकाला उष्णता फेकण्यासाठी खर्च करायचा आणि त्याच आवारात दुसऱ्या टोकाला बॉयलरमध्ये नवा बगॅस लोटून नवी वाफ करायची, असा हा प्रकार आहे.

यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. कारखान्यात उष्णतेचा तुटवडा नसतोच, तुटवडा असतो तो तापमानाचा. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात कितीही उष्णता भरलेली असली, तरी तिने शंभर अंशांचा रस उकळत नाही. उष्णता आपणहून गरमाकडून गाराकडेच जाते, उलट जात नाही. तिला उलटं चढवायचं तर पंप हवा, आणि त्या पंपाला काहीतरी खायला घालावं लागतं. फ्रीज, एसी यांना आपण वीज घालतो. या लेखातल्या पंपाला वीज जवळपास लागत नाही. त्याचं खाद्य वेगळंच आहे.

आधी वाफेचा हिशेब. एक किलो पाणी तीस अंशांवरून शंभरपर्यंत तापवायला सत्तर किलोकॅलरी पुरतात. त्याच पाण्याची शंभर अंशांवर वाफ करायला मात्र ५४० किलोकॅलरी लागतात. खरा खर्च उकळी येण्याचा नाही, उकळी आल्यानंतरचा आहे. गुऱ्हाळावर चुलवणात चिपाडं सारणाऱ्याला हे आकडे ठाऊक नसतील, पण काहिलीला उकळी लवकर फुटते आणि पाक मात्र यायचं नाव घेत नाही, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. काहिलीतून निघालेली वाफ छपरातून निघून जाते आणि तिच्याबरोबर त्या ५४० किलोकॅलरीही जातात.

कारखान्याला हे परवडत नाही. एक टन उसाचा रस आटवून साखर काढायची, तर आठशे किलोच्या वर पाणी उडवावं लागतं. गुऱ्हाळाच्या पद्धतीने गेलं तर तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच, वाफ खर्ची पडेल. प्रत्यक्षात साध्या रचनेच्या कारखान्यातही टनामागे चारशे ते पाचशे किलो वाफेत काम भागतं. याचं श्रेय नॉर्बर्ट रिल्यू या माणसाला जातं. न्यू ऑर्लीन्समध्ये १८०६ साली जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये शिकलेल्या या कृष्णवर्णीय अभियंत्याने १८४३ मध्ये पेटंट घेतलं. त्याची युक्ती अशी, की पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातला रस उकळायला वापरायची, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढचं भांडं कमी तापमानाला उकळावं म्हणून त्यातली हवा ओढून दाब कमी करायचा. आपल्या कारखान्यांत ज्यांना ‘बॉडी’ म्हणतात, त्या इव्हॅपोरेटरच्या उंच टाक्यांची रांग म्हणजे रिल्यूचीच शिडी. पहिल्या बॉडीत रस एकशेदहा-पंधरा अंशांना उकळतो, शेवटच्या बॉडीत पंचावन्न-साठला. पॅनमध्ये साखरेचे दाणे धरतात तिथेही निर्वात आणि तापमान साधारण तसंच.

शिडीच्या या शेवटच्या पायरीवर वाफ अजूनही वाफच असते. तिच्यात किलोमागे साडेपाचशेच्या वर किलोकॅलरी शिल्लक असतात. पण पंचावन्न अंशांच्या वाफेला पुढे कुणी गिऱ्हाईक नाही. म्हणून ती कंडेन्सरमध्ये गार पाण्याने मारायची आणि ते पाणी स्प्रे पाँडवर उडवायचं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उभा केलेला, आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. तेव्हापासून जिल्ह्यात कितीतरी कारखाने निघाले, बॉयलरचे दाब वाढले, सहवीजनिर्मिती आली, पण शेवटच्या बॉडीची वाफ तळ्यावर जायची ती आजही जाते.

ही वाफ परत वर चढवता येईल का? चुना विरवताना पाहिलेल्या माणसाला याचं निम्मं उत्तर आधीच माहीत आहे. कळीचा चुना पाण्यात टाकला की गार पाणी खदखदायला लागतं, वाफेचे लोट निघतात, हौदाजवळ उभं राहवत नाही. खाली जाळ नसताना ही उष्णता येते कुठून? ती भट्टीत आधीच भरलेली असते. चुनखडी भाजताना घातलेली उष्णता कळीत कोरडेपणाच्या रूपाने साठून राहते आणि पाणी मिळताच बाहेर पडते. अधिशोषण उष्णता पंपाची कल्पना याच जातीची आहे. फरक दोन. चुन्यात रासायनिक बदल होतो, इथे पाण्याचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागाला नुसते चिकटतात. आणि चुन्याच्या भट्टीला नऊशे अंश लागतात, इथे सव्वाशे-दीडशेपासून काम सुरू होतं.

हा घन पदार्थ म्हणजे बहुतेक वेळा झिओलाइट. ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जाळीतून बनलेलं हे स्फटिक आतून इतकं सच्छिद्र असतं, की एका ग्रॅममधला आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. ओव्हनमध्ये चांगले सुकवलेले त्याचे दाणे काचेच्या नळीत घेऊन वर थोडं पाणी ओतलं, तर नळी हातात धरवत नाही. बुटांच्या खोक्यात मिळणारी सिलिका जेलची पुडी याच कुळातली, फक्त तिची पकड सौम्य. झिओलाइट पाण्याला इतकं घट्ट धरतो, की एक किलो पाण्याची वाफ त्याला चिकटताना आठशे किलोकॅलरींच्या आसपास उष्णता सुटते. तीच वाफ साध्या नळीवर थंड होऊन पाणी झाली असती, तर ५४० मिळाल्या असत्या. वरच्या अडीचशेच्या जोरावर हा पंप चालतो. शिवाय ही उष्णता चढ्या तापमानाला सुटते, आणि आपल्याला हवं होतं ते नेमकं हेच.

यंत्राची रचना सांगायला सोपी आहे. कोरड्या झिओलाइटने भरलेली उभी टाकी. जपानमधल्या क्युशू विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलेल्या पद्धतीत टाकीच्या तळातून ऐंशी अंशांच्या आसपासचं गरम पाणी थेट दाण्यांत सोडतात. पाणी चढत जातं, दाणे ते शोषतात, तापतात आणि वरच्या थरातल्या पाण्याची वाफ उडवतात. टाकीच्या डोक्यातून दीडशे अंशांच्या वरची वाफ बाहेर पडते. दाणे भिजून तृप्त झाले की वाफ थांबते. मग उरलेलं पाणी काढून टाकायचं, गरम कोरडी हवा फिरवून दाणे पुन्हा सुकवायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. वाफ अखंड हवी, म्हणून टाक्या दोन: एक वाफ देते तोवर दुसरी सुकते. फिरणारा मोठा भाग नाही, कॉम्प्रेसर नाही. दुसरी तऱ्हा अशी, की दाण्यांना पाणी न देता कमी दाबाची वाफच द्यायची आणि टाकीत बसवलेल्या नळ्यांमधून वेगळं स्वच्छ पाणी उकळून घ्यायचं. साखर कारखान्याच्या शेवटच्या बॉडीत कमी दाबाची वाफ आयतीच तयार असते, त्यामुळे मला ही दुसरी तऱ्हा आपल्याकडे जास्त जुळणारी वाटते.

झिओलाइटचं नाव नगरकरांना परकं वाटण्याचं कारण नाही. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे गरम पाणी झिरपून त्यांत स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट हे सगळे झिओलाइटच. विहीर खोदताना सुरुंगाच्या ढिगाऱ्यात पांढरे-गुलाबी चकाकणारे खडे निघतात, पोरं ते खिशात घालून नेतात. राहुरी परिसरातले स्टिल्बाइट आणि त्यांच्या जोडीने सापडणारे हिरवट अपोफिलाइट जगभरचे संग्राहक ओळखतात. जिल्ह्याची हद्द ओलांडून सिन्नरला गेलं, तर तिथलं ‘गारगोटी’ संग्रहालय अशाच स्फटिकांनी भरलेलं आहे. स्वीडनच्या क्रॉनस्टेट या खनिजतज्ज्ञाने १७५६ मध्ये असाच एक खडा ज्वाळेत धरला आणि तो उकळल्यासारखा फसफसताना पाहिला. झिओलाइट हे नाव त्यानेच दिलं. त्याच्या खड्यातून निघाली ती आत धरून ठेवलेल्या पाण्याची वाफ.

पण राहुरीचा खडा उचलून पंपात घालता येत नाही. ह्यूलँडाइट-स्टिल्बाइट पुन्हा पुन्हा तापवले की त्यांची जाळी ढासळते, मग ते पाणी धरत नाहीत. यंत्रात घालतात तो कारखान्यात बनवलेला झिओलाइट. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या रॉबर्ट मिल्टनने १९५०च्या आगेमागे ‘ए’ आणि ‘एक्स’ जातीचे झिओलाइट बनवले, आणि वाफेच्या कामाला आज चालतो तो १३ एक्स त्याच घराण्यातला. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जिल्हा-तालुक्याच्या रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्रकल्प बसले, त्यांच्या टाक्यांतही झिओलाइटच होता. तिथे तो पाण्याऐवजी नायट्रोजन धरतो. तेव्हा तो विमानाने परदेशातून आणण्याची वेळ आली होती. जमिनीत एवढे स्फटिक असून आपण कामाच्या मालासाठी आयातीकडे पाहतो हे खटकतं खरं, पण तो दोष खडकाचा नव्हे.

आता खर्चाची बाजू, आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. या पंपाचं इंधन म्हणजे कोरडेपणा. दाणे सुकवणं हा त्याचा खरा खर्च, वाफ मिळणं हा नुसता परतावा. आणि सुकवणं फुकट नाही. झिओलाइटची पकड जितकी घट्ट तितकी वाफ गरम, पण तितकंच पाणी सोडवणं जड. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत म्युनिकच्या एका शाळेत सात टन १३ एक्स बसवून इमारत गरम ठेवण्याचा प्रयोग झाला. तिथेही दाणे सुकवायला शहराच्या उष्णता-पुरवठ्याची १३० अंशांची वाफ वापरावी लागली होती.

ढोबळ हिशेब मांडू. एक किलो १३ एक्स एका फेरीत दीडशे ग्रॅम पाणी घेतो असं धरा. थेट पाणी सोडण्याच्या पद्धतीत उपयोगी पडतात त्या पाण्याच्या किलोमागच्या वरच्या अडीचशे किलोकॅलरी, म्हणजे दीडशे ग्रॅमला सदतीस-अडतीस. त्यातल्या पंधरा-वीस दाणे आणि त्यांतलं पाणी तापण्यातच जिरतात. उरलेल्यात ऐंशी अंशांच्या पाण्याची वाफ होते ती तीस-चाळीस ग्रॅम. कमी दाबाची वाफ पाजण्याच्या पद्धतीत दाणे पाणी कमी घेतात, पण पूर्ण आठशेचा हिशेब लागू होतो आणि वाफ शंभर ग्रॅमच्या आसपास पडते. ताशी एक टन वाफ हवी आणि फेरी तासाभराची असेल, तर दुसऱ्या पद्धतीला दहा टन दाणे लागतील, पहिल्या पद्धतीला तीस टन. शिवाय सुकत असलेल्या जोडटाकीत तेवढेच आणखी. मोठ्या कारखान्याला तासाला शेकड्याच्या घरात टन वाफ लागते, हे लक्षात घेतलं की पंपाची औकात कळते.

सुकवायची उष्णता कुठून आणायची? चिमणीतून जाणारे वायू दीडशे अंशांच्या आसपास असतात, तेव्हा पहिली नजर तिकडे जाते. पण बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं, त्यामुळे त्याचा धूर वाफेने भरलेला. तो थेट दाण्यांतून सोडला तर ओल्या फडक्याने ताट पुसण्यातली गत. धुराची उष्णता नळ्यांच्या आडून साध्या हवेला द्यायची आणि ती हवा दाण्यांतून न्यायची, हाच मार्ग. आणि इथे नगर जिल्ह्याच्या पथ्यावर पडणारी एक गोष्ट आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो आणि गळिताचा हंगाम नेमका थंडीत. डिसेंबर ते मार्चची इथली हवा मुळातच कोरडी, तीच सव्वाशे अंशांना तापवली की दाण्यांतलं पाणी ओढून घ्यायला तिच्याइतकी उतावळी हवा दमट किनारपट्टीवर मिळायची नाही. पावसाने या जिल्ह्याला जे नाकारलं, त्याचा असाही उपयोग निघतो.

बाकीच्या अडचणी कारखान्यात काम केलेल्या कुणाच्याही ध्यानात येतील. पॅन फुगला की वाफेबरोबर साखरेचे तुषार उडतात. ते झिओलाइटवर बसले आणि सुकवताना करपले तर छिद्रं बुजली. निर्वात भांड्यांत कुठून ना कुठून हवा शिरतेच, आणि वाफेत हवा मिसळली की दाण्यांपर्यंत वाफ पोचायला वेळ लागतो. शिवाय दाणे दर फेरीला तापून-थंडावून भुगा होतात, ते बदलावे लागतात.

साखर आणि झिओलाइट यांची गाठ जपानमध्ये घातली गेली आहे. दक्षिणेकडच्या तानेगाशिमा बेटावर उसाचा साखर कारखाना आहे. तिथल्या बगॅस बॉयलरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेने झिओलाइट सुकवायचा, तो वाहनाने बेटावरच्या दुसऱ्या कारखान्यात न्यायचा आणि तिथे पाणी घालून वाफ काढायची, अशी योजना टोकियोच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी अभ्यासली. कल्पना मोहक आहे. सुकवलेला झिओलाइट हवाबंद ठेवला तर त्यातली उष्णता महिनोन्‌महिने टिकते, थर्मासमधल्या पाण्यासारखी निवत नाही. साहजिकच मनात येतं की लोणीत सुकवावा आणि संगमनेरच्या डेअरीला पाठवावा. मात्र आपल्याकडे हे चालेल असं मला वाटत नाही. एक किलो ओला बगॅस जाळून दोन किलोच्या वर वाफ मिळते, एक किलो झिओलाइटमधून शंभर ग्रॅम मिळाली तरी डोक्यावरून पाणी. उष्णता गाडीवर लादून न्यायचीच तर बगॅस न्यावा. झिओलाइटचं काम जागच्या जागी.

मग तो शोभेल कुठे? जिथे ऐंशी-नव्वद अंशांचं गरम पाणी बारमाही आहे, वाफेची गरज थोडी आहे आणि इंधन विकत घ्यावं लागतं, तिथे. डेअरी, आसवनी, सुपे किंवा नागापूरच्या एमआयडीसीतली एखादी प्रक्रिया. शिर्डीचं उदाहरण बोलकं आहे. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये ७३ अंतर्वक्र सौर तबकड्या बसल्या, प्रत्येकी सोळा चौरस मीटरच्या. दिवसाला साडेतीन हजार किलो वाफ आणि पन्नास हजार माणसांचा स्वयंपाक, या हिशेबाने ती रचना केलेली आहे. या तबकड्या सूर्याच्या मागे फिरतात, त्यांचे आरसे पुसावे लागतात. त्याच शिर्डीत लॉजच्या गच्चीगच्चीवर साधे सोलर वॉटर हीटर दिसतात, ते साठ-ऐंशी अंशांचं पाणी देतात आणि न हलता वर्षानुवर्षं उभे असतात. त्या पाण्याची वाफ होत नाही म्हणून त्यावर भात शिजत नाही. साध्या हीटरचं पाणी आणि भटारखान्याची वाफ यांच्यामधली ही उडी झिओलाइटच्या आवाक्यातली आहे. सुकवण्यासाठी तेवढी दीडशे अंशांची उष्णता बाजूने मिळाली पाहिजे.

या पंपाला स्पर्धकही तगडे आहेत. जपानच्या कोबे स्टीलने २०११ मध्ये विजेवर चालणारे असे उष्णता पंप बाजारात आणले, की त्यांतून साठ-सत्तर अंशांच्या वाया जाणाऱ्या पाण्यापासून १२० आणि १६५ अंशांची वाफ मिळते. नुसती वाफच दाबून तिचं तापमान चढवणारे कॉम्प्रेसरही आहेत. त्यांना वीज लागते, पण ते आजच विकत मिळतात. पुण्याची थर्मॅक्स लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणावर चालणारी, म्हणजे शोषणाची यंत्रं कित्येक वर्षं बनवते आहे. झिओलाइट-पाणी जोडीचा वाफ देणारा पंप अजून प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहे. म्हणून कुणी उद्या चकचकीत माहितीपत्रक घेऊन कारखान्यात आलं, तर वाफ किती अंशांची हे विचारण्याआधी दाणे कशाने सुकवणार आणि किती फेऱ्यांनी बदलणार, हे विचारलेलं बरं.

आणि सध्याचा विचार करायचा तर रिल्यूची शिडीच अजून पुरती वापरून झालेली नाही. पुढच्या बॉडीची वाफ मध्येच काढून ज्यूस हीटरला आणि पॅनला देणं, ज्याला कारखान्यात व्हेपर ब्लीडिंग म्हणतात, ते नीट बसवलेले कारखाने टनामागे साडेतीनशे किलोच्या आत वाफेत चालतात. टनामागे वाचलेल्या प्रत्येक शंभर किलो वाफेने पंचेचाळीसेक किलो बगॅस वाचतो, तो विकता येतो किंवा त्याची वीज करता येते. आधी ते, मग झिओलाइट, असा माझा क्रम आहे. कारखान्याचे सभासद असाल तर यंदाच्या वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबर आणखी एक प्रश्न लावून धरा: आपल्या कारखान्याला एक टन ऊस गाळायला किती किलो वाफ लागते?